पान उलटणारा

बेरेंडचा संगणकाच्या पडद्यांवर राग होता, आणि तो उगाच नव्हता. सत्तावीस वर्षं त्याने कालव्यावरचा पूल उघडला आणि मिटला. बोटीचा भोंगा वाजला की रस्त्यावरचा आडवा दांडा खाली, गाड्या थांबल्या की पूल वर. मग एका वर्षी सगळ्या पुलांवर कॅमेरे बसले आणि शहरातल्या एका खोलीत खुर्चीवर बसून, पडद्यांवर बघत, दोन माणसं चौदा पूल उघडायला लागली. बेरेंडला एक घड्याळ दिलं, केक कापला आणि घरी पाठवलं. तो अख्खा हिवाळा तो खिडकीतल्या खुर्चीत बसून होता. त्याला तिथून उठवलं ते मुलीने. तिला चर्चमध्ये ऑर्गन वाजवताना स्वरलिपीची पानं उलटायला कोणीतरी हवं होतं, आणि घरात रिकामा माणूस तोच होता.

म्हणून या एप्रिलमध्ये बेरेंड स्वतःहून टॅबलेटच्या मागे लागला तेव्हा घरातले चक्रावले. घरातले म्हणजे बायको फेन्ना आणि मुलगी रूलीन. रूलीन ग्रोनिंगेन शहरात संगीत महाविद्यालयात ऑर्गन शिकत होती, शेवटच्या वर्षाला. तिच्या लॅपटॉपची बिजागरी तुटली होती. पडदा उभा राहावा म्हणून मागे पुस्तकांची चळत लावावी लागे, आणि त्याचा पंखा असा घरघरायचा की ग्रंथालयात लोक वळून बघत. तो बदलायचा हे ठरलं होतं. रूलीन म्हणत होती, साधासा लॅपटॉपच घेऊ. बेरेंड म्हणत होता, टॅबलेट. त्याने ग्रंथालयातून ग्राहकांसाठीची तीन मासिकं आणली होती आणि, ग्रंथालयाची असूनही, त्यांत पेन्सिलीने गोल केले होते.

"तुला रे काय कळतं त्यातलं?" फेन्ना म्हणाली. वृद्धाश्रमातली सकाळची पाळी संपवून ती नुकती आली होती आणि मोहरीच्या सूपमध्ये पाव बुडवून खात होती. "मायक्रोवेव्हचं घड्याळ दोन वर्षं चुकतंय, ते आधी लाव."

"वाचता येतं मला." बेरेंडने मासिक पुढे सरकवलं. "हे बघ. तेरा इंची. स्वरलिपीचं अख्खं पान मावतं. पेनाने वर लिहिता येतं, म्हणजे तिचा तो हार्मनीचा अभ्यास होईल. निबंधाला कीबोर्ड जोडायचा. आणि..." तो मासिकातून डोकं वर न काढता म्हणाला, "पान उलटायची सोय आहे. कॅमेऱ्यासमोर मान जराशी कलती केली की पान उलटतं."

रूलीनने सूपचा चमचा खाली ठेवला. "पान उलटायला तू आहेस की."

"आहेच मी."

"मग?"

"मग काही नाही. सोय आहे, एवढंच म्हणतोय."

सोय वगैरे काही नव्हती. बेरेंडला ऐकू येईनासं झालं होतं आणि ही गोष्ट त्याने कोणालाही सांगितली नव्हती. समोर उभं राहून बोललं तर कळायचं, ओठांवरून, सवयीने. पण सूर हरवले होते. ऑर्गन सुरू झाला की त्याला एक जाड गडगडाट ऐकू यायचा, दूरवरून मालगाडी जावी तसा, आणि त्यातून काहीही वेगळं निघायचं नाही. तो गुपचूप शेजारच्या गावी जाऊन कान तपासून आला होता. तिथे मिळालेली कानात घालायची यंत्रं त्याने एकदा चर्चच्या माळ्यावर, ऑर्गनपाशी, लावून बघितली, तर सगळा ऑर्गन पत्र्याच्या डब्यात कोंबल्यासारखा खडखडला. त्याने ती डबीत घालून डबी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, ती तिथेच राहिली.

बेरेंडला स्वरलिपी वाचता येत नव्हती, कधीच आली नाही. रूलीन दहा वर्षांची असल्यापासून तो तिच्या डाव्या हाताला उभा राहायचा आणि कानाने पानं उलटायचा. रचना चार-पाचदा ऐकली की पान कुठे संपतं ते त्याच्या अंगात भिनायचं. रूलीन खूण म्हणून मान हलवायची ती केवळ रीत म्हणून. तोवर बेरेंडचा हात पानाच्या कोपऱ्याला गेलेला असायचा. आता तो तिच्या मानेकडे टक लावून उभा राहायचा. ईस्टरच्या प्रार्थनेत तिने केस मागे सारायला मान झटकली आणि त्याने पान उलटलं, सात-आठ ओळी आधी. रूलीन न थांबता आठवणीने वाजवत राहिली. चर्चमध्ये कोणाच्या लक्षातही आलं नाही. खाली उतरल्यावर तीही काही बोलली नाही, आणि हे न बोलणंच बेरेंडला झोंबलं.

जूनमध्ये तिची अंतिम परीक्षा होती, शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये, लोकांसमोर. ऑक्टोबरपासून ती त्यासाठी एक रचना बसवत होती. बावीस पानांची. घरात तिला नावच 'मोठी' पडलं होतं; "आज 'मोठी' किती झाली?" असं फेन्ना भाजी चिरता चिरता विचारायची. बावीस पानं म्हणजे पान उलटायच्या दहाएक जागा, आणि त्यातली एक जरी चुकली तरी पोरीची चार वर्षं पाण्यात. बेरेंडला हे दिसत होतं. तिला सांगावं, तर ती म्हणणार, मग वर्गातल्या कोणालातरी उभं करते. आणि मग आपण कोण? ऐकू न येणारा, पूल नसलेला, पान नसलेला माणूस. यंत्र आलं तर निदान असं म्हणता येईल की जमाना बदलला. बहिऱ्या बापापेक्षा जुन्या जमान्याचा बाप बरा, असा त्याचा हिशेब होता. हिशेब भित्रा होता आणि त्याला ते माहीत होतं.

शनिवारी तो आणि रूलीन शहरात गेले. दुकान मोठं होतं, वरून गाणी वाजत होती, आणि लांब टेबलांवर टॅबलेट साखळीने बांधून ठेवले होते. दुकानातली बाई चाळिशीची, बोलकी होती.

"संगीतासाठी? मग पायाने दाबायचं बटण घ्या ना सोबत. आमच्याकडून गिटारवाले नेतात. पाय ठेवला की पान उलटलं."

"माझे पाय वाजवत असतात," रूलीन म्हणाली.

"पाय? आणि हात?"

"हातही."

"बाई गं!" ती बाई बेरेंडकडे वळली. "साहेब, जेवताना तरी बसते का ही स्वस्थ?"

बेरेंडला तिचे ओठ नीट दिसले होते, त्यामुळे तो मनापासून हसला. मग त्याने मासिकातलं कात्रण काढलं. हो, त्याने पान फाडून आणलं होतं. तेरा इंची टॅबलेटवर त्याने बोट ठेवलं. रूलीनने त्याच्या शेजारचा अकरा इंची उचलला.

"हा पुरे. वर्गात टिपणं काढायची, निबंध लिहायचे. दप्तरात हलका राहील."

"यात पान मावत नाही."

"चर्चमध्ये पुस्तकच लावणार आहे मी. तू असतोस ना."

"अगं, पण सोय..."

"नको मला सोय."

बाईला विक्री करायची होती. "असं करा, तुमचंच एखादं पान उघडा दोन्हींवर. बघून ठरवा," ती म्हणाली. रूलीनने नाखुशीने महाविद्यालयातलं आपलं खातं मोठ्या टॅबलेटवर उघडलं. कागदांची यादी आली. सगळ्यांत वर एक अर्ज होता: अंतिम परीक्षा, कार्यक्रम. बाईने पुढे होऊन तोच उघडला.

बेरेंडला सूर वाचता येत नव्हते, अर्ज वाचता येत होता. त्यात पाच रचनांची नावं होती, सगळ्या छोट्या, दोन-दोन तीन-तीन पानांच्या, रूलीनला गेल्या वर्षीपासून तोंडपाठ असलेल्या. 'मोठी' नव्हती. खाली लिहिलं होतं, बदल सोमवारपर्यंत कळवावेत.

"'मोठी' कुठे गेली?"

"वेळेत बसत नाही ती."

"ऑक्टोबरपासून बसवतेयस. तुझ्या ऑर्गनच्या बाईंनीच दिली ना?"

"बाबा, सोड ना. छोट्या पण चांगल्या आहेत."

"छोट्यांवर पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळेल?"

रूलीन तोंड फिरवून काहीतरी म्हणाली. वर गाणं वाजत होतं. बेरेंडला एक अक्षरही कळलं नाही, आणि अशा वेळी तो जे करायचा तेच त्याने केलं: हसून मान डोलावली.

रूलीन त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने टॅबलेटच्या शेजारचं पेन उचललं. गिऱ्हाइकांनी लिहून बघावं म्हणून बाईने पाटीसारखा कोरा पडदा उघडून दिला होता. आधी कोणीतरी त्यावर आपलं नाव आणि एक मांजर काढून गेलं होतं. मांजराच्या खाली तिने लिहिलं:

*तुला ऐकू येत नाही ना?*

त्याने आजूबाजूला पाहिलं. दुकानातली बाई समंजस निघाली. पलीकडे जाऊन उगाच डबे लावायला लागली. रूलीनने पेन त्याच्या हातात दिलं. सत्तावीस वर्षं लोखंडी चाक फिरवलेल्या हाताला ते पेन काडीसारखं वाटलं. त्याने लिहिलं: *थोडं येतं.* मग ते खोडलं. *सूर येत नाहीत.*

*कधीपासून?*

*सप्टेंबर. तुला कसं कळलं?*

*पूर्वी मी मान हलवायच्या आधीच तू पान उलटायचास. आता वाट बघतोस.*

म्हणजे 'मोठी' तिने कधी मोकळेपणाने वाजवलीच नव्हती. एवढे महिने ती वाजवता वाजवता त्याला सांभाळत होती, आणि तो समजत होता की आपण तिच्यापासून लपवतोय. लाजेने त्याचे कान तापले. त्याने लिहिलं: *म्हणून 'मोठी' काढलीस?*

तिने भराभर, वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं: *छोट्या मला पाठ आहेत, तुझं पान चुकलं तरी निभतं. तू वर यायचा थांबलास की परत त्या खुर्चीत जाऊन बसशील. मी बघितलाय तो हिवाळा. मला परत नाही बघायचा.*

बेरेंडने हे दोनदा वाचलं. आपल्या त्या खुर्चीतल्या बसण्याची पोरीने एवढी धास्ती घेतली असेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. तेव्हा ती दहा वर्षांची होती. त्याला वाटलं होतं, मुलांना काय कळतं. आणि आता ती आपलं पुढचं शिक्षण, आपले बावीस पानांचे सात महिने, त्याच्या खुर्चीवरून ओवाळून टाकायला निघाली होती, तेही अशा बेताने की त्याला कळू नये. त्याला तिचा विलक्षण राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला.

"मोठा द्या!" तो ओरडला. त्याला वाटलं आपण साधं बोललो, पण अर्धं दुकान वळून बघायला लागलं. "तेरा इंची! पेनासकट, कीबोर्डासकट!"

"बाबा, हळू."

"आणि तो अर्ज आत्ता बदल. इथेच, माझ्यासमोर. नाहीतर हे डबडं मी कालव्यात टाकीन आणि वरून तुझा लॅपटॉप टाकीन."

रूलीन रडत होती आणि हसतही होती. तिने अर्ज उघडला. पाचातली तीन नावं पुसली आणि त्या जागी एक लिहिलं. बेरेंडने तिच्या खांद्यावरून वाचलं, अक्षर न अक्षर, आणि पाठवायचं बटण स्वतःच्या बोटाने दाबलं. त्यांचं लिहिणं तेवढ्यात बाईने फडक्यासारखा हात फिरवून पुसून टाकलं, मांजरासकट. दुसरं गिऱ्हाईक वाट बघत होतं.

गाडीत तो म्हणाला, "आईला नको सांगूस एवढ्यात." रूलीनने खांदे उडवले.

पुढचे सहा आठवडे तो माळ्यावर जात राहिला. उभा राहायचा नाही, मागच्या बाकावर बसायचा. टॅबलेट पहिल्या आठवड्यात बिघडल्यासारखाच वागला. रूलीनला दरवर्षी मे महिन्यात गवताच्या परागांचा त्रास होतो. ती शिंकली की यंत्र दोन पानं पुढे जायचं. बेरेंडला याचा मनातून आनंद व्हायचा, खोटं कशाला बोला. मग तिने यंत्राला मान नेमकी किती कलली की उलटायचं ते शिकवलं, आणि नंतर ते चुकेना. बेरेंड बघत राहायचा. तिचे खांदे सैल झाले होते. पूर्वी पान संपत आलं की ती डाव्या डोळ्याने त्याला शोधायची. आता तिची नजर समोरून हलत नव्हती. ती बरी वाजवतेय हे त्याला दिसत होतं. आपण तिला जड झालो होतो हेही दिसत होतं, आणि ते बघायला तो रोज जात होता.

परीक्षेच्या दिवशी मोठ्या चर्चच्या माळ्यावर ऑर्गनचा आवाज बदलणाऱ्या खुंट्या ओढायला रूलीनच्या वर्गातली दोन मुलं दोन बाजूंना होती. बेरेंड खाली बसला, फेन्नाच्या शेजारी. खालून आयुष्यात त्याने आपल्या मुलीला एकदाही ऐकलं नव्हतं. ऑर्गन मागच्या भिंतीवर, बाकांची तोंडं पुढे व्यासपीठाकडे. तिथे वाजवणाऱ्याकडे पाठ करूनच ऐकतात, मागे वळून बघणं असभ्य. तेव्हा त्याला ऐकू येणार नव्हतं आणि दिसणारही नव्हतं. समोर पांढरी भिंत, उंच खिडक्या आणि दुपारचं ऊन.

सुरू झालेलं त्याला बाकाच्या फळीतून कळलं. मग काहीच कळेना. कधी पाठीत थरथर यायची, कधी बराच वेळ नाही. हे तिसरं पान की तेरावं? कुठे अडली असेल तर? शिंकली असेल तर? तो समोरच्या रांगेतल्या माणसांच्या मानांकडे बघत होता, जणू त्यांवर काही लिहिलेलं असेल. कोणी खोकलं नाही, कोणी हललं नाही. त्याने गुडघ्यांवर हात दाबून धरले. त्या पोरीच्या डावीकडची ती फूटभर जागा सोडून जगात कुठेही आपली गरज नव्हती, आणि तीही आता नाही, असं त्याला स्वच्छ वाटलं. पण आज ती तिकडे वर मोकळी वाजवतेय, तिला कोणाला सांभाळावं लागत नाहीये, हेही तितकंच स्वच्छ वाटलं. दोन्ही एकदम वाटत होतं आणि त्याला रडू येत होतं.

माणसं उठली. टाळ्या त्याला हातांवरून कळल्या. फेन्नाने त्याच्या दंडाला धरलं.

"संपलं?"

"संपलं," ती त्याच्याकडे तोंड करून म्हणाली.

"अडली कुठे?"

"नाही. कुठेच नाही."

रूलीन माळ्याच्या चिंचोळ्या जिन्यावरून धावतच खाली आली. तिचे गाल लाल झाले होते. आजूबाजूला शिक्षक होते, वर्गातली मुलं होती, हात पुढे येत होते; ती सगळ्यांमधून सरळ बापापाशी आली आणि अकरा वर्षं जिना उतरताना जे विचारायची तेच विचारून बसली.

"कसं झालं, बाबा?"

विचारलं आणि तिचा चेहरा पडला. तिने तोंडावर हात ठेवला. बेरेंडला "छान" म्हणता आलं असतं. लोक ऐकत होते. एका शब्दात निभावलं असतं. त्याने तिचा हात तोंडावरून खाली घेतला.

"मला नाही माहीत," तो म्हणाला, आणि या खेपेला आवाज केवढा निघतोय याची त्याने पर्वा केली नाही. "मला ऐकू आलं नाही, रूलीन. मला तुझं वाजवणं आता ऐकू येत नाही."

शिक्षक थांबले. पुढे आलेले हात मागे गेले. फेन्ना मात्र जागची हलली नाही, तिला नवीन काही कळलं असं दिसलंही नाही. वृद्धाश्रमात वीस वर्षं काढलेल्या बाईपासून नवऱ्याचा बहिरेपणा लपला होता असं फक्त बेरेंडला वाटत होतं. ती त्याच्या समोर आली, उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी उभी राहिली आणि मुलीला तिने शेजारी ओढून घेतलं.

"मी सांगते," ती म्हणाली. "मला त्यातलं फारसं कळत नाही, पण ऐकलंय सगळं. आधी तर असं वाटलं की घरात पाहुणे आलेत आणि सगळे एकदम बोलतायत. मग एकेक गप्प झाला. एकच राहिला, अगदी बारीक, वरचा. किती वेळ एकटाच होता, बेरेंड. मला वाटलं, थांबतो की काय. आणि मग खालून..."

ती शब्द शोधायला थांबली. बेरेंड तिच्या ओठांकडे बघत होता.

"खालून काय?" त्याने विचारलं.

फेन्नाने त्याला सांगितलं, सावकाश, शेवटपर्यंत.